अक्काच्या दारातली कुत्री

अक्का,

तुझ्याशी भांडण अर्धवट राहिलं आहे आणि तू मधूनच उठून गेलीस. हे काही बरोबर नाही. लहानपणीही तू असंच करायचीस. माझं बोलणं रंगात आलं की "मंदे, चूल विझी जाई" म्हणत उठायचीस आणि मी भिंतीशी भांडत बसायचे. पण तेव्हा चूल खरंच विझत आलेली असायची.

आज सकाळी जळगावहून धुळ्याला परत आले. सुनेने चहा दिला, कसं झालं सगळं, विचारलं. मी म्हटलं, नीट झालं. लोक पुष्कळ आले, तेराव्याचा, गंधमुक्तीचा स्वयंपाक पुरला, दहाव्याला कावळाही शिवला. तिला एवढंच सांगितलं. उरलेलं तुला सांगायचं आहे, कारण ते तुझंच आहे.

ती कुत्री तुझ्या दारात आली ती भर उन्हाळ्यात. गेटजवळच्या पाण्याच्या टाकीखाली जी ओल असते ना, तिथे येऊन पडली. अंगभर खरूज, बरगड्या वर आलेल्या. तू मला फोन केलास तो तक्रार करायला. "मंदे, एक मरतुकडी कुत्री दारमां यी पडेल शे. हाकली तरी जात नही." मी म्हटलं, पाणी मार तिच्या अंगावर. तू मारलंसही. ती उठली, अंग झटकलं आणि ओल वाढली म्हणून आणखी पसरून झोपली. हे सांगताना तू खळखळून हसलीस. दाजी गेल्यापासून तुझं तसं हसणं मी ऐकलं नव्हतं. ही आता इथून हलत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तू आणि कुत्री! जिने आयुष्यभर मांजराला उंबऱ्यावर चढू दिलं नाही, पोरांनी पाटावर पाय ठेवला तरी पाट धुवायला घेतला, ती बाई दुधात भाकरी कुस्करून गेटबाहेर ठेवते, हे मला पटायलाच वेळ लागला. आधी शिळी भाकरी होती. मग शिळी उरेना म्हणून ताजी. मग तिला बाजरीची पचत नाही, ज्वारीची लागते, असं सुरू झालं. फोनवर माझी खुशाली विचारून झाली न झाली की कुत्रीचं पुराण लागायचं. खरजेला तू करंजाचं तेल लावलंस, तर ती आधी चाटून ओकली. मग तू तेल लावून झालं की तिच्यापाशी बसून राहायचीस, वाळेपर्यंत. मी चिडवायचे, "अक्का, मन्हा गुडघा दुखस, त्याले बी लावी दे ना." तू म्हणायचीस, "तू चाटाव नहीस, तुले कसाले बसू मी?"

महापालिकेच्या गाडीने तिला नेलं त्या दिवशी तू जेवली नव्हतीस. पण त्यांनी ऑपरेशन केलं, सुई टोचली, कानाला खाच पाडली आणि पुन्हा तुझ्याच दारात आणून सोडली. जिथून उचलली तिथेच सोडायची, असा नियम आहे म्हणे. तुला काय आनंद झाला होता! "आते कोनी काही बोलाव नही. कान काप्या म्हंजे सरकारी शिक्का बसना."

शिक्का बसला खरा, पण कॉलनीला तो दिसला नाही. तुझ्या समोरचे भिकनभाऊ, एसटीतून निवृत्त झालेले, गणपतीच्या वर्गणीपासून गटारीच्या तक्रारीपर्यंत सगळ्यात पुढे असणारे, त्यांचा नातू स्कूटीवरून चालला होता. कुत्री भुंकत मागे धावली, पोरगं घाबरलं, गाडी घसरली आणि मनगट मोडलं. तू रोज त्याला बघायला जायचीस, शिरा घेऊन. आणि कुत्री तुझ्यामागून त्यांच्या गेटपर्यंत यायची. म्हणजे एका हाताने तू आग विझवायचीस आणि दुसऱ्या हाताने तेल घेऊन जायचीस. भिकनभाऊ एकदा मलाच म्हणाले, "ताई, अक्का आम्हाला आईच्या ठिकाणी. पण आता हिला इथे ठेवणं नाही." मला त्यांचं खोटं वाटलं नाही. आजही वाटत नाही. पोरगं डोक्यावर पडलं असतं तर? हे मी तुला तेव्हाही म्हटलं होतं आणि तू दोन दिवस फोन उचलला नव्हतास.

मग तुझं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, एकट्या राहू नका. तुझा लेक प्रशांत पुण्याहून म्हणाला, माझ्याकडे ये. तुला पुणं नको होतं, ते मला समजत होतं. म्हणून मी तुला धुळ्याला न्यायला आले. आठवतं? तुझी पिशवी मी भरली. गोळ्या, चष्मा, दोन पातळं, दाजींचा फोटो. गॅसची टाकी बंद केली. कुलूप लावलं. रिक्षा दारात उभी. आणि ती कुत्री पाण्याच्या टाकीखालून उठली, शेपूट हलवली नाही, भुंकली नाही, नुसती चालत तुझ्यामागे आली आणि रिक्षाजवळ थांबली.

तू माझ्या हातातून किल्ली घेतलीस.

"अक्का, काय करी राहिनी तू?"

"तू जा. मी नही येस."

"कुत्रीसाठी? सख्खी बहीण एवढी लांबून न्यायला आली आणि तू कुत्रीसाठी थांबतेस?"

"तिले कोठे टाकू मी? दुसरी गल्लीमां गई ते तठला कुत्रा तिले फाडी टाकतीन."

"आणि तुले काही झायं म्हंजे?"

तेव्हा तू जे बोललीस ते माझ्या काळजात रुतून बसलं आहे. "माय मरनी तवय तुले मी व्हतू, मंदे. हिले कोन शे?"

आई गेली तेव्हा मी चालायला लागले होते फक्त. तूही पोरच होतीस, परकर नेसणारी. मला कडेवर घेऊन तू शाळेत जायचीस, मी वर्गात रडायचे, गुरुजी म्हणायचे, पोरगी घेऊन येऊ नको. म्हणून तू शाळाच सोडलीस आणि पुढे माझं नाव घातलंस त्याच शाळेत. मी मास्तरीण झाले, पेन्शन खाते आहे, ते तुझ्या सुटलेल्या शाळेवर. मीही तुझ्या पदरात कुठूनतरी येऊन पडलेलीच होते. तू हाकललं नाहीस. हे मी तुला आयुष्यात एकदाही म्हटलं नाही. बहिणीबहिणींत असं बोलायची रीत नसते ना. आपण एकमेकींना लोणचं देतो, पातळ देतो, टोमणे देतो, पण हे देत नाही.

पण त्या दिवशी मला हे काही सुचलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे मी आणि ही कुत्री एकच का तुला?" आणि रिक्षात बसले. पारोळ्यापर्यंत बसमध्ये रागाने रडत आले. शेजारच्या बाईने पाणी दिलं, विचारलं, कोणी वारलं का? मी म्हटलं, नाही हो, बहीण हट्टी आहे.

माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. तू आली असतीस तर मी तुला दवाखान्यात नेलं असतं, रात्री-बेरात्री बघितलं असतं, आज तू असतीस. एका कुत्रीपायी तू जीव घालवलास, असं माझं म्हणणं आहे आणि ते मी सोडत नाही. ये, भांड. सांग, माझं काय चुकलं ते.

तू येत नाहीस.

तू गेलीस त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. जळगावात पाण्याच्या दिवशी कोणी झोपून राहत नाही. सगळी कॉलनी नळ्या घेऊन बाहेर, आणि तुझा नळ नुसता वाहतोय, पाणी गेटखालून रस्त्यावर. शेजारच्या कोकिळाबाई तेवढ्यावरूनच समजल्या. अक्का पाणी वाया जाऊ देणार नाही, म्हणाल्या, आणि दार ढकललं. तू खाटेवर पडली होतीस, हात डोक्याखाली, दुपारी पडायचीस तशी. कुत्री उंबऱ्याशी बसलेली होती. आत आली नव्हती. उंबरा ओलांडायचा नाही, हे तू तिला शिकवलं होतंस.

मग दारावर येणाऱ्यांची रीघ लागली. तुला माहीत आहे आपल्याकडचं. मयताच्या घरी माणसं बसायला येतात, आणि गावाकडच्या बायका काही गुपचूप येत नाहीत. आपल्या माहेरच्या बायका क्रूझर गाडी करून आल्या. गल्लीच्या तोंडाशी उतरल्या, पदर डोक्यावर ओढले आणि तिथूनच हेल काढून रडत निघाल्या. "माय वं, कथी गई वं माय!" पंधरा-वीस बायका, एकमेकींच्या गळ्यात हात, तुझ्या दाराकडे चालून येताहेत. आपल्याला कळतं की हे दुःख आहे. त्या मुक्या जीवाला कसं कळणार? तिला वाटलं, तुझ्या घरावर कोणी धावून आलं. ती गेटात आडवी उभी राहिली. पाठीवरचे केस ताठ, दात बाहेर. तसं भुंकताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. बायकांचं रडणं वाढलं तसं तिचं भुंकणं वाढलं. शेवटी त्यांतल्या काशीकाकूंचं लुगडं तिने दातात धरलं. काकू पडल्या. चावली नाही ती कोणाला, पण रडायला आलेल्या बायका किंचाळत मागे पळाल्या, आणि तुझ्या दारात, तुझ्या मरणाच्या दारात, एक प्रकारचा तमाशा झाला.

मला हसू आलं, अक्का. खरं सांगते. आत बसल्या बसल्या पदर तोंडात कोंबला. वाटलं, हे तुला सांगायला हवं. आणि मग आठवलं की सांगायचं कोणाला.

प्रशांत शरमेने मेला. तो वाईट नाही, अक्का, त्याच्याबद्दल वाईट मनात आणू नको. मुंडण केलेलं डोकं खाली घालून तो काकूंच्या पाया पडला. भिकनभाऊ पुढे झाले, दोरी टाकली, कुत्रीला ओढत घेऊन गेले. संध्याकाळी मला म्हणाले, "ताई, मागे आमच्या वाड्यात बांधली आहे, सावलीत. कार्य होऊ द्या, मग बघू." मला बरं वाटलं. सुतकातली बाई मी, तुझ्या दिव्यापाशी बसलेली, उठून कुठे बघायला जाणार? रोज सकाळी एक ज्वारीची भाकरी वेगळी करायला सांगायचे आणि प्रशांतजवळ द्यायचे. "तिला दे रे नेऊन." तो "हो मावशी" म्हणायचा आणि घेऊन जायचा.

दहाव्याला गिरणेकाठी गेलो. पिंड मांडले. तुझ्या आवडीचं सगळं होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. कावळे समोरच्या बाभळीवर ओळीने बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढायला लागलं. प्रशांतने हात जोडले. "आई, घर विकणार नाही." कावळे बसलेलेच. "आई, पोरीचं शिक्षण तुझ्या मनासारखं करीन." काही नाही. कोणी म्हणालं, अक्काला चहा लागायचा, म्हणून कपात चहा ठेवला. चहावर माशा आल्या. कोकिळाबाई म्हणाल्या, "अक्का, भिकनभाऊंच्या नातवाचं मनगट बरं झालंय हो, मनात ठेवू नका." तरी नाही. भटजींनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, आता दर्भाचा कावळा करू. गवताचा कावळा! तुझ्यासारख्या बाईची गवताच्या कावळ्याने बोळवण करणार हे लोक, मला सहन झालं नाही.

मला माहीत होतं तुझा जीव कशात आहे ते. सगळ्यांनाच माहीत होतं. पण एवढ्या माणसांत कुत्रीचं नाव कोण काढणार? मी उठले. पिंडापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "अक्का, चिंता करू नको. तिले मी धुयाले मन्हा घर ली जास. मी शे तिले."

माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, सुनेला दम्याचा त्रास आहे, मुलाला विचारलेलं नाही, यातलं काही तेव्हा डोक्यात नव्हतं. असतं तरी मी तेच बोलले असते.

शब्द पुरा झाला न झाला तोच एक कावळा उतरला. तिरका चालत आला, तुझी कळण्याची भाकरी उचलली आणि उडाला. लोकांनी हात जोडले. कोकिळाबाई रडायला लागल्या. भटजीसुद्धा म्हणाले, "बघा, बहिणीचाच शब्द हवा होता." आणि मी, अक्का, मी त्या क्षणी सुखी होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. वाटलं, तुझं काहीतरी मी फेडलं. भांडणही मिटलं असं वाटलं. तुझंही म्हणणं राहिलं, माझंही राहिलं.

फक्त प्रशांत रडत नव्हता. तो वाळूकडे बघत होता.

घरी आल्यावर जेवणं उरकली. मी म्हटलं, भिकनभाऊंकडून तिला घेऊन ये, मला एकदा तिला हात लावू दे, माझी ओळख पटू दे. प्रशांत म्हणाला, "मावशी, ती नाही."

"नाही म्हणजे?"

"त्या दिवशीच नेली. टेम्पोतून. नशिराबादच्या पुढे सोडली."

"आणि भाकरी?"

भाकरी तो कोपऱ्यावरच्या गायीला घालायचा, हे मला कोकिळाबाईंनी नंतर सांगितलं. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मी पिंडापुढे उभी राहून शब्द देत होते तेव्हा माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसांना ठाऊक होतं की ज्या जीवासाठी शब्द द्यायचा तो तिथे नाही. कोणी माझा पदर ओढला नाही. प्रशांतला विचारलं, का रे बोलला नाहीस? म्हणाला, "मावशी, कावळा उतरला ना. मग कसं बोलू?" मी त्याच्यावर ओरडले, मारायलाही हात उचलला. पण त्याच्या जागी मीही कदाचित गप्प बसले असते.

गाडी काढायला लावली. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. नशिराबाद मागे टाकलं, पुढे हायवेच्या कडेला एक चहाची टपरी आहे, तिथे थांबलो. टपरीवाले चाचा दाढी मेंदीने रंगवलेले. त्यांना खाच पाडलेल्या कानाची कुत्री विचारली. ते म्हणाले, "आली होती ना, बाई. त्या मोरीखाली पडून असायची. मी पाणी दिलं, बिस्किट दिलं, खाल्लं नाही. इथली कुत्री तिला टिकू देईनात. पाय फाडला होता मागचा." मग म्हणाले, "टेम्पो थांबला की उठायची, लंगडत जवळ जायची. माणूस उतरला की त्याचं तोंड बघायची. मग परत येऊन पडायची."

"आता कुठे आहे?"

त्यांनी रस्त्याच्या पलीकडे हात केला. केळीच्या बागा, दूरपर्यंत. "परवापासून दिसली नाही. गेली असेल तिकडे. नाहीतर..." भला माणूस. आम्हाला चहा दिला.

मोरीखाली वाकून बघितलं. तिथे काही नव्हतं. मग रस्ता ओलांडून केळीच्या बांधावर गेले. प्रशांत मागून "मावशी, पडशील" म्हणत होता. मला वाटलं, हाक मारावी. आवाज ओळखेल, तुझ्या माझ्या आवाजात फरक नाही असं सगळे म्हणतात. तोंड उघडलं आणि काही आलं नाही, अक्का. तू तिला नावच ठेवलं नव्हतंस. इतक्या दिवसांत, इतक्या फोनांत, कधी एक नाव नाही. कॉलनीत तिला सगळे अक्काची म्हणायचे. मी त्या बांधावर उभी राहून काय ओरडणार होते?

मी "अक्का" म्हणून ओरडले. दुसरं काही तोंडातच आलं नाही. "अक्का, ये ना वं! अक्का!" घसा बसेपर्यंत. बागेत पाणी देणारा एक माणूस उठून बघायला लागला. प्रशांत बांधावर खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पानं हलली ती वाऱ्याने. कोणी आलं नाही. तीही नाही आणि तूही नाही.

गंधमुक्तीपर्यंत मी रोज तिकडे जाऊन आले. चाचा लांबूनच मान हलवायचे. आज निघताना भिकनभाऊ भेटले, मान खाली घालून म्हणाले, "ताई, अक्का सुटल्या हे महत्त्वाचं." तुझ्या घरी जे येत होते तेही तेच म्हणत होते. कावळा शिवला, अक्का सुटली, मंदाच्या शब्दावर सुटली.

ती तिथे नव्हती, अक्का. मी शब्द दिला तेव्हा ती त्या केळीत कुठेतरी फाटलेला पाय चाटत पडली असेल, आणि मला ठाऊक नव्हतं. तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते आहे. तो शब्द आता मला पाळता येणार नाही आणि कावळ्याकडून परतही घेता येणार नाही. माझ्या भरवशावर निघाली असशील, तर तशीच पुढे जा. मागे वळून बघू नको.